जिम्नीची चाकं ट्रेलरला: एकच स्टेपनी दोघांना चालेल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुमच्याकडे मारुतीची पाच दरवाज्यांची जिम्नी आहे. भोसरीत चॅनलचा छोटा ट्रेलर बनवून घेताय. तंबू, पाण्याचे कॅन, स्वयंपाकाचं सामान घेऊन कोकणात उतरायचं आणि अधूनमधून भोरच्या शेतावर रोपं-खतं न्यायची. फॅब्रिकेटरने जुन्या जीपचे दोन हब (चाक ज्यावर आवळतात ते फिरते भाग) आणून ठेवलेत. तेही पाच स्टडचे (स्टड म्हणजे हबवरचे, नट लावायचे खुंट), पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, १३९.७ मिमी, आणि जिम्नीचं मापही तेच. तेव्हा ट्रेलरला जिम्नीच्याच मापाची चाकं लावायची आणि मागच्या दारावरची स्टेपनी दोघांत वापरायची असा बेत आहे. मित्राने चाक हबवर लावून पाहिलं, ‘फिट बसतं’ म्हणाला. मग अडचण काय, असं तुम्ही विचारलंय.

बेत चांगला आहे. जिथे जमतं तिथे मी स्वतःच गिऱ्हाइकाला हे सुचवतो. पण चाक हबवर चढतं की नाही हा यातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे, आणि त्याचं ‘हो’ आलं की लोक पुढचं काही बघत नाहीत. खरा प्रश्न दोन भागांत आहे. एक, तो हब, त्यातले बेअरिंग, आतला स्टब (एक्सलचं टोक, ज्यावर हब फिरतो) आणि वरचे स्टड भरलेल्या ट्रेलरचं वजन घाटातल्या खड्ड्यांत वाहतील का? दोन, चाक त्या हबवर बरोबर मध्यावर बसेल का आणि बसलेलं तिथेच राहील का? म्हणून मी नेहमी उलट्या बाजूने येतो. आधी वजन, मग एक्सल आणि हब, आणि चाक सर्वांत शेवटी.

वजनाचा आकडा तुम्ही दिलेला नाही, आणि तो बराचसा फॅब्रिकेटरच्या हातावर आहे. सहा बाय चार फुटांचा ट्रेलर कोणी दोनशे किलोत बसवतो, तर कोणी ‘मजबूत पाहिजे ना’ म्हणत जाड चॅनल लावून तोच साडेतीनशेवर नेतो. तयार झाल्यावर रिकामा ट्रेलर काट्यावर घाला, अंदाजावर जाऊ नका. इथे हिशेबासाठी मी रिकामा २२० आणि माल ३००, म्हणजे एकूण ५२० किलो धरतो. त्यातले चाळीस-पन्नास किलो ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे गाडीच्या हुकवर आले पाहिजेत. नाक हलकं राहिलं तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलायला लागतो. उरले साधारण ४७५. दोन चाकांत वाटले तर एका चाकावर २४० च्या आसपास.

गाडी किती ओढू शकते हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. तिथे आकडा नसेल, किंवा ओढण्याची शिफारस नाही असं लिहिलं असेल, तर पुढे जाण्याआधी कंपनीला लेखी विचारा. ऑस्ट्रेलियात जिम्नीला ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ३५० किलो आणि ब्रेक असलेल्यासाठी १३०० किलो अशी मर्यादा आहे. तो आकडा आपल्याकडे लागू धरू नका. मी तो सांगतोय तो या दोन आकड्यांमधल्या अंतरासाठी. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असला-नसला की एवढा फरक पडतो. तुमचा ५२० किलोचा ट्रेलर बिनब्रेकचा असेल तर जिम्नीच्या मागे मी तो लावणार नाही. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तो सगळा भार तुमच्या गाडीच्या ब्रेकवर येतो, आणि त्या उतारावर काय काय होतं हे पुणेकरांना सांगायला नको. ब्रेक लावायचा म्हटलं की हबबरोबर ड्रम आला, आणि ड्रमवरून चाकाची लोखंडी डिस्क आत जाते का हेही चाक निवडतानाच बघावं लागतं.

आता टायर. जिम्नीचा टायर १९५/८० आर १५, लोड इंडेक्स ९६, म्हणजे एका टायरला ७१० किलो. तुमच्या २४० ला तो पुरून उरतो. चाकाचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. छोट्या मालवाहू टेम्पोचा १४५ आर १२ टायर साधारण ५४० चा असतो. ताशी ८० किलोमीटरला छोटं चाक मिनिटाला जवळपास ७९० फेरे घेतं, जिम्नीचं ६१० च्या आसपास. मोठ्या चाकाचा बेअरिंग तेवढा कमी फिरतो, कमी तापतो, आणि खड्ड्याच्या काठावर चाक आदळतंही कमी. बदल्यात ट्रेलरची तळ उंच होते. मग एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खालून घ्यायचा की वरून, हे वेल्डिंगच्या आधी ठरवा. ट्रेलर गाडीला जोडल्यावर त्याचा दांडा जमिनीला समांतर राहिला पाहिजे.

इथपर्यंत जिम्नीचं चाक तुमच्या कामाला उत्तम आहे. आता हबकडे वळू.

पाच स्टडचा पीसीडी मोजताना लोक टेप आडवा धरतात आणि फसतात, कारण पाच स्टडमध्ये समोरासमोर दोन स्टड येतच नाहीत. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत व्हर्निअरने मोजा आणि त्याला १.७०१ ने गुणा. १३९.७ च्या हबवर ते अंतर ८२.१ मिमी भरलं पाहिजे. ११४.३ चा हब असेल तर ६७.२ येईल. एक-दोन मिलिमीटरचा फरक आला तर ‘चालतंय’ म्हणू नका. चार स्टडच्या गाड्यांत ९८ आणि १०० असे दोन पीसीडी असायचे, पालिओचा ९८ आणि स्विफ्टचा १००. एकाचं चाक दुसऱ्याला जोर लावला की चढायचं. फक्त नट तिरके बसायचे, आणि तिरका बसलेला नट रस्त्यावर सुटतोच.

तुमच्या बाबतीत पीसीडी खरोखरच जुळतो. विलीज जीपचं ते साडेपाच इंचांचं वर्तुळ महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये आलं, मारुती जिप्सीतही तेच होतं आणि आता जिम्नीत आहे. मधलं भोकही जवळपास सारखं, १०८ मिमीच्या आसपास. म्हणून मित्राला चाक ‘फिट’ वाटलं. त्याची चूक नाही, तिथपर्यंत सगळं जुळतंच. जुळत नाहीत ते आटे.

जिम्नीचा स्टड १२ मिमीचा, आट्यांचं अंतर १.२५ मिमी. जुन्या जीपचा स्टड अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमी, आणि इंचाला वीस आटे, म्हणजे अंतर १.२७ मिमी. दोन शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला काय, हातालाही कळत नाही. वर दोन्ही नट एकाच पान्यात बसतात, कारण अर्ध्या इंचाच्या नटाचा षटकोन पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी, आणि जिम्नीचा १९ मिमी. टपरीवर एकाच डब्यात पडलेले दोन्ही नट बघा, वेगळे सांगता येणार नाहीत.

आता यातून दोन गोष्टी होऊ शकतात. जिम्नीचा नट अर्ध्या इंची स्टडवर लावायला गेलात तर पहिल्याच आट्याला अडेल. हाताने लावणारा माणूस थांबतो. हवेच्या गनने लावणारा थांबत नाही, नट आत ढकलतो आणि दोन्हीचे आटे जातात. निदान हे दिसतं तरी. दुसरी गोष्ट जास्त वाईट. अर्ध्या इंचाचा नट जिम्नीच्या १२ मिमी स्टडवर बोटांनी सरसर जातो, आवळला की घट्टही लागतो. पण आटे एकमेकांत जेमतेम टोकाला अडकलेले असतात. थोडे किलोमीटर तो धरतो, आणि एखाद्या खड्ड्यात किंवा पुढच्या आवळणीत आटे साफ सोलून निघतात. आता तुमचा बेत आठवा. गाडी आणि ट्रेलर एकत्र, रात्रीची वेळ, ताम्हिणीत पाऊस, चाक बदलताना दोन्हींचे नट एकाच चिंधीवर ठेवलेले. गाडीचा नट ट्रेलरला आणि ट्रेलरचा गाडीला जाणारच. एकच स्टेपनी वापरायची असेल तर दोन्हीकडे एकच स्टड आणि एकच नट हवा. यात मी कुणालाही सूट देत नाही.

आणखी एक. विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या हबचे आटे उलटे असायचे, आवळायला उलटीकडे फिरवायचे. तुमच्याकडे आलेला एखादा हब तसा निघाला तर आश्चर्य नाही. ज्याला माहीत नाही तो नट सोडवतोय असं समजून आवळतच राहतो आणि स्टड तुटतो.

‘मग हबचे स्टडच बदलू’ असं फॅब्रिकेटर म्हणेल. जिम्नीचा स्टड हबच्या मागून दाबून बसवतात, त्याच्या मानेवर दाते असतात आणि ते हबच्या लोखंडात रुततात. जुन्या जीपच्या हबमधलं भोक वेगळ्या मानेसाठी पाडलेलं असतं. त्यात १२ मिमीचा स्टड सैल बसला तर नट आवळताना स्टडच फिरतो. मग मागून वेल्डिंगचा टाका मारतात. तो टाका स्टडचं कडकपण घालवतो आणि तिथूनच तो मोडतो. शिवाय त्या जुन्या हबमध्ये स्टडचं तोंड ठोकून फुलवून ड्रमसकट पक्कं केलेलं असतं. फुलवलेला भाग आधी न कापता प्रेसवर धरलं तर स्टडबरोबर भोकाची कडही फाटते.

तुमचा हब जीपच्या पुढच्या चाकाचा असेल तर त्यात आतला आणि बाहेरचा बेअरिंग एकाच नंबरचा असेल, १८५९० चा कोन (रोलरसकट आतली कडी) आणि १८५२० चा कप (बाहेरची कडी), आतलं भोक ४१ मिमीचं. हब म्हणून तो दणकट आहे, वजनाला कमी पडणारा नाही. पण त्याचा मूळ स्पिंडल, म्हणजे जीपमधला स्टब, सहा बोल्टांनी जोडायचा असतो, आणि तो दोन पातळ नट व मध्ये वाकवायच्या वॉशरने कुलूपबंद होतो. हे सगळं जसंच्या तसं मिळालं तर ठीक. बहुतेक वेळा फक्त हब मिळतात आणि आतला स्टब लेथवर नव्याने काढतात. खरी गडबड तिथेच सुरू होते, म्हणून स्टबबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे एकदा एक ट्रेलर आला होता, डावं चाक हबसकट निखळलेला. तुटलेला स्टब हातात घेतला तर मोड अगदी सरळ, करवतीने कापल्यासारखा. जिथे आतल्या बेअरिंगची जागा संपून जाड खांदा सुरू होतो, नेमका तिथे. मोडीचा बराचसा भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर शंखावर असतात तशा बारीक रेषा, आणि काठाला फक्त अंगठ्याएवढी जागा चकचकीत, खडबडीत. काळा भाग म्हणजे चीर कित्येक दिवस हळूहळू सरकत होती, आणि चकचकीत भाग म्हणजे शेवटच्या दिवशी तुटला तेवढाच. टर्नरने खांद्याचा कोपरा टोकदार काटकोनात काढला होता. तिथे गोलाई द्यायला हवी होती, पण ती दिली की बेअरिंग खांद्याला टेकत नाही असं वाटून त्याने ती काढून टाकली. प्रत्येक बेअरिंगच्या कोनाला आतून गोलाई असते. स्टबची गोलाई तिच्यापेक्षा किंचित लहान ठेवली की कोन खांद्याला नीट टेकतो आणि कोपराही वाचतो.

दुसरं, स्टब साध्या माइल्ड स्टीलच्या बारमधून काढू नका. ईएन-८ निदान हवं, ईएन-१९ अधिक चांगलं, आणि भोसरीत दोन्ही मिळतात. मात्र ईएन-१९ ला थेट वेल्डिंग केलं की जोडाच्या कडेला चीर पडू शकते, ते आधी तापवून, सावकाश थंड करावं लागतं. म्हणून स्टबची शेपटी लांब ठेवायची, ती एक्सलच्या पाइपात चांगली चार-पाच इंच आत घालायची आणि वेल्ड खांद्यापासून दूर मारायचा. वेल्डिंगची उष्णता बेअरिंगच्या जागेपर्यंत पोचता कामा नये.

हे सगळं पाहता माझं उत्तर असं की ते जुने हब परत करा. ते कमजोर नाहीत, पण ते जिम्नीशी जुळवून घेण्याचा खर्च आणि त्यातली जोखीम नव्या हबपेक्षा जास्त आहे. भोकं न पाडलेला नवा ट्रेलर हब घ्या, त्यावर १३९.७ वर पाच भोकं जिग (भोकांचा साचा) लावून पाडून घ्या आणि १२ मिमी, १.२५ चे स्टड प्रेसने बसवा. बेअरिंग आत एलएम ६७०४८ आणि बाहेर एलएम ११९४९. परदेशात एक टनाखालच्या ट्रेलरला ही जोडी सर्रास असते, आणि तुमच्या वजनाला भरपूर आहे. नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगून मिळेल. अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊनच घ्या. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, अशा गावात खोटा बेअरिंग घेऊन फसण्याचं काही कारण नाही. कप आणि कोन एकाच खोक्यातले वापरा, जुन्या कपवर नवा कोन चढवू नका.

चाकांसाठी नव्या अलॉयची गरज नाही. लोखंडी डिस्क ट्रेलरला बरी, वाकली तर ठोकून सरळ तरी होते. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा भंगारात जिप्सीच्या डिस्क सापडतात, पीसीडी तोच. पण जिप्सीचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६८ च्या आसपास. तुमच्या टायरपेक्षा पंचवीस मिलिमीटर लहान. डिस्क घ्या, टायर मात्र १९५/८० चाच चढवा, नाहीतर स्टेपनीचा बेत मोडतो. जुनी डिस्क घेताना स्टडच्या भोकांकडे उजेडात बघा. भोक लांबट झालं असेल, कडेला गंजाच्या बारीक रेघा किंवा काळी पूड दिसत असेल, तर ते चाक कधीतरी ढिलं चाललंय. ते घेऊ नका.

ऑफसेट ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि बेअरिंग खाणारी तीच. चाकाचा मध्य आणि हबला टेकणारी पाठ यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. जिम्नीच्या चाकाचा ऑफसेट अवघा अधिक ५ मिमीच्या आसपास, म्हणजे टेकणारी पाठ जवळजवळ चाकाच्या मध्यावर. साधे ट्रेलर हबही याच हिशेबाने बनतात. टायरच्या मध्यातून उतरणारी वजनाची रेष दोन बेअरिंगच्या मधून, मोठ्या आतल्या बेअरिंगजवळून जावी लागते. अलीकडच्या मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेल्या) गाड्यांची चाकं अधिक ४५-५० ऑफसेटची असतात. तसं चाक या हबवर लावलं की टायर चार-साडेचार सेंटिमीटर आत सरकतो, पाट्याला घासतो आणि वजनाची रेष आतल्या बेअरिंगच्याही पलीकडे जाते. उलट, दिसायला रुंद म्हणून बाहेर काढलेली चाकं लावली तर भार बाहेरच्या छोट्या बेअरिंगवर येतो, आणि तो पहिला जातो.

जुनी डिस्क घेताना ऑफसेट असा तपासा. डिस्क आतली बाजू वर करून जमिनीवर ठेवा, काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पाठीपर्यंतची खोली मोजा. त्यातून डिस्कच्या एकूण रुंदीचा अर्धा वजा करा. साडेपाच इंची रिमची बाहेरून बाहेर रुंदी साधारण १६५ मिमी, अर्धी साडेब्याऐंशी. खोली ८७-८८ आली की तुमचं चाक जुळलं. एक्सलची लांबी ठरवताना हे मोजलेलं चाक समोर ठेवा. जिम्नीच्या मागच्या चाकांचं मध्य ते मध्य अंतर १४०५ मिमी आहे, ट्रेलरचंही तेच ठेवता आलं तर उत्तम. शेताच्या रस्त्यावर ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून येतो, चिखलात स्वतःची वेगळी चाकोरी पाडत बसत नाही. मात्र त्यासाठी ट्रेलरची पेटी चाकांच्या मध्ये बसवण्याइतकी अरुंद ठेवावी लागेल.

जोडणीत तीन-चार गोष्टींकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या. हबच्या आणि डिस्कच्या टेकणाऱ्या पाठीवर रंग नको. पावडर कोटिंगचा जाड थर सुरुवातीला घट्ट वाटतो, मग दबतो आणि नट आपोआप सैल होतात. नट ६० अंशाच्या निमुळत्या तोंडाचे, कारण चाक मध्यावर आणतं ते नटाचं तोंडच. फोक्सवॅगन-स्कोडाचे गोल तोंडाचे बोल्ट किंवा सपाट वॉशरचे नट इथे चालत नाहीत. नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, १०० न्यूटन मीटरच्या आसपास. पन्नासेक किलोमीटर झाले की पुन्हा त्याच पान्याने तपासायचे. नवी डिस्क आणि नवा हब असताना हे चुकवू नका.

बेअरिंगमध्ये ग्रीस बोटाने फासून भागत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन कोनाची रुंद कड त्यात दाबत राहायचं, रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र ठासून भरायची नाही, अर्ध्याच्या आत. साधं एपी-३ चालतं. मग हब हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा, रोलर जागेवर बसले की नट पूर्ण सैल करून फक्त बोटांच्या जोराने परत लावायचा आणि जवळच्या खाचेला स्प्लिट पिन घालायची. चाक वर-खाली धरून हलवलं तर खेळ जाणवेल-न जाणवेल इतकाच हवा. पान्याच्या पूर्ण जोराने आवळलेला टेपर बेअरिंग खंबाटकीच्या चढापर्यंत निळा पडतो. पहिल्या सफरीत अर्ध्या तासाने थांबून दोन्ही हबच्या टोपीजवळ हात न्या. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथेच उघडून बघा. ट्रेलर पाण्यात घातलात, धरणाकाठी किंवा ओढ्यात, तर आल्यावर ऑइल सील आणि ग्रीस बघायचं. गरम हब गार पाण्यात गेला की आत पाणी ओढून घेतो.

स्टेपनीबद्दल. सगळं जुळलं तर गाडीची चार, ट्रेलरची दोन आणि स्टेपनी मिळून तुमच्याकडे सात सारखी चाकं होतात, आणि त्याचा खरा फायदा दुसरं पंक्चर झाल्यावर कळतो. ट्रेलर रस्त्याकडेला सुरक्षित उभा करून त्याचं चाक गाडीला लावायचं आणि मदत आणायला निघायचं. तसं केलं तर कमी-जास्त झिजलेल्या टायरांवर फोर बाय फोर टाकू नका, टू-एचमध्येच, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर, चालवा. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उन्हात उभे राहून तडकतात. म्हणून मी गिऱ्हाइकांना सातही चाकं आलटून-पालटून गाडीला लावायला सांगतो, ट्रेलरलाच कायमची ठेवू नका. आणि गाडीतला जॅक ट्रेलरच्या एक्सलखाली जाऊन चाक उचलतो का हे घरीच करून बघा.

तुमचा धागा वाचणाऱ्या इतर गाडीवाल्यांसाठी थोडक्यात. फॉर्च्युनर आणि एन्डेव्हर दोन्ही सहा स्टड १३९.७, पण मधलं भोक फॉर्च्युनरचं १०६ आणि एन्डेव्हरचं ९३ मिमी. एन्डेव्हरचं चाक फॉर्च्युनरच्या हबवर चढणारच नाही, आणि उलट केलं तर चढेल पण हबच्या मधल्या गोलावर टेकणार नाही. क्रेटासारख्या ११४.३ च्या, मोठ्या ऑफसेटच्या गाड्यांना चाकं जुळवण्याचा अट्टहास मी करू देत नाही. ट्रेलरला त्याची स्वतःची चाकं आणि स्वतःची स्टेपनी, बस्स. मध्ये ॲडॅप्टरची चकती घालून पीसीडी बदलायचा प्रकार तर ट्रेलरला नकोच. वजनाची रेष बाहेर सरकते आणि चाकामागे झाकलेले आणखी पाच नट कोणी कधी तपासत नाही.

वेल्डिंग सुरू होण्याआधी आरटीओचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. एमएच-१२ असो की एमएच-१४, बनवून झाल्यावर जाण्यापेक्षा नकाशा आणि एक्सलची मापं घेऊन आधी जा. बनलेल्या ट्रेलरमध्ये बदल करणं महाग पडतं.

मला तीन गोष्टी कळवा. फॅब्रिकेटरने धरलेलं रिकामं वजन, तो कोणता ब्रेक लावणार आहे, आणि तुम्हाला मिळालेल्या डिस्कची मागची खोली. त्यावरून स्टबची लांबी आणि एक्सलचं माप काढून देतो, म्हणजे टर्नरकडे जाताना हातात कागद असेल.